नकाशामागची सारणी

संगणकीय नकाशावर गाव हा केवळ एक बिंदू असतो. त्याची खरी ओळख त्या बिंदूस जोडलेल्या गुणधर्म-सारणीत असते. तेथे प्रत्येक ओळ एका स्थळाची आणि प्रत्येक स्तंभ एका गुणाचा : नाव, तालुका, लोकसंख्या, विहिरी. परंतु केवळ नावावर विसंबून चालत नाही. आमचे धामणगाव रेल्वे, आमच्याच जिल्ह्यातील धामणगाव गढी आणि बुलडाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे; सारणीत नुसते ‘धामणगाव’ लिहिले, की एकाची पाणीटंचाई दुसऱ्याच्या नावे नोंदली जाते. म्हणूनच २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास व शहरास सहा अंकी स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : सारणी भरताना प्रथम संकेतांक लिहावा, मग नाव. टँकर तहानलेल्या गावीच पोहोचावा, यासाठी हा एक स्तंभ अचूक असावा लागतो.