‘निकाली’ शेरा अखेरचा नाही

यूपीआयने पैसे देताना कधी ग्राहकाच्या खात्यातून रक्कम जाते, पण दुकानदाराला पोहोचत नाही. तक्रारीला यंत्रच उत्तर देते आणि रक्कम परत न येताही ‘निकाली’ शेरा पडू शकतो. मग संशय दुकानदारावर!

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत परत व्हावी; पुढे रोज 100 रुपये भरपाई. व्यापारी बंधूंनो, व्यवहाराचा क्रमांक व तारीख वहीत लिहा. खातेउताऱ्यात रक्कम जमा नसेल, तर जुना तक्रार क्रमांक देऊन बँकेकडे पुन्हा लेखी तक्रार करण्यास ग्राहकाला सांगा. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ही सवय इथेही कामी येते.