मोटर लावली की इन्व्हर्टर का बंद पडतो?

लाइट गेलेली असते, पण सोलरच्या बॅटरीवर दिवे-पंखे सुरळीत चालू असतात. कोणीतरी पाण्याची मोटर लावतं, इन्व्हर्टर कर्कश बीप देतो आणि घर अंधारात जातं. दुसऱ्या दिवशी निदान ठरलेलं असतं : ‘बॅटरी गेली.’ या एका वाक्यापायी कितीतरी धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात.

गैरसमज : लोड आल्यावर बंद पडतो, म्हणजे बॅटरीच खराब.

खूपदा दोष बॅटरीत नसून जोडात असतो. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या संचावर १५०० वॉटचा लोड आला, की बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर प्रवाह निघतो. टर्मिनलचा नट सैल असेल किंवा त्यावर पांढरा-हिरवा गंज चढला असेल, तर तिथला अवघा ०.०२ ओहमचा रोध १.४ व्होल्ट खातो. इन्व्हर्टरपर्यंत कमी व्होल्टेज पोचतं, बॅटरी उतरली असं समजून तो बंद होतो. तेवढ्या वेळात त्या एका जोडावर जवळपास १०० वॉट उष्णता तयार होत असते. आगी अशाच लागतात, म्हणून हा दोष किरकोळ समजू नका.

नुसते दोन दिवे लावून तपासलं तर यातलं काहीच सापडत नाही. २ अँपिअरला त्याच जोडावर फक्त ०.०४ व्होल्ट पडतात.

म्हणून वायरमनला लोड चालू असतानाच मोजायला सांगा : आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त अंतर असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब आहे. खुंट्यांवरच व्होल्टेज कोसळत असेल तर मात्र बॅटरीकडे बघा, आणि तेही प्रत्येकीचं वेगळं. लोडवर एक ११.८ व्होल्ट दाखवते आणि दुसरी १०.२, तर दुसरी अख्ख्या संचाला खाली ओढते आहे.

गैरसमज : १५० एएचची बॅटरी म्हणजे कधीही १५० एएच.

सोलरच्या बॅटरीवरचा हा आकडा बहुधा १० तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे १५ अँपिअर १० तास. ७० अँपिअर ओढले तर साधा भागाकार दोन तासांवर वेळ सांगतो, पण शिसे-आम्लाची नवी बॅटरीसुद्धा दीड तासाच्या आसपास दम सोडते. लोड वाढला की हाती येणारी क्षमता घटते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडलं होतं.

गैरसमज : मोटर १ एचपीची, मग २ केव्हीएचा इन्व्हर्टर पुरे.

१ एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण ते मोटरने बाहेर दिलेलं काम. ती आत साधारण १ किलोवॉट घेते, आणि सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तेच. इन्व्हर्टर घेताना हा क्षणिक झटका तो किती सेकंद सोसतो, ते विचारा.

गैरसमज : ऊन आहे, मग चिंता नाही.

पॅनलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात पॅनल ६० अंशांच्या पुढे तापतं आणि वीज १२ ते १५ टक्क्यांनी घटते. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच तर लाइट गेली की भर दुपारीही बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो.

उन्हात पॅनलच्या वायरी कायम जिवंत असतात, त्यांना स्वतः हात लावू नका. आणि बॅटरी बदला असं कोणी सांगितलं, तर पैसे काढण्याआधी त्याच्याकडे लोडवर मोजलेले ते दोन आकडे मागा.