विळ्याच्या आकाराची पेशी

सातपुड्याच्या कुशीतील धडगाव, अक्कलकुवा येथून नंदुरबारच्या बाजारपेठेत येणाऱ्या भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. वाहकाला सहसा काहीच त्रास जाणवत नाही. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वीची तपासणी मोलाची ठरते.

मुंबईच्या आयआयटीतील डॉ. देबजानी पॉल यांच्या प्रयोगशाळेने अशा तपासणीच्या सुटसुटीत साधनांवर संशोधन केले आहे. प्राणवायू कमी होताच सदोष तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसते. 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. प्रयोगशाळेतील श्रमांची खरी कसोटी मात्र डोंगरपाड्यावरच लागेल.