फादरांच्या नावाने मेल आला? आधी फोन लावा

‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. एका पेशंटसाठी गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठवा, पैसे संध्याकाळी देतो.’ खाली नाव आपल्याच फादरांचं किंवा पाळकसाहेबांचं. अमेरिकेत चर्चच्या सभासदांना असे मेल येऊ लागल्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्येच लोकांना सावध केलं होतं. आपल्याकडे गिफ्ट कार्डाच्या जागी यूपीआय नंबरही येऊ शकतो.

यात फादरांचा मेल हॅक झालेला असतोच असं नाही. ठग नवा पत्ता उघडतो, नाव तेवढं फादरांचं टाकतो. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं. त्यावर बोट दाबलं की खरा पत्ता कळतो. व्हॉट्सॲपवरही तेच, फोटो ओळखीचा आणि नंबर परका.

माणूस फसतो तो भिडेपोटी. फादरांना उलट कसं विचारायचं! पण ‘फोन करू नका’ लिहिलंय तिथंच फोन करायचा, तोही आपल्याकडच्या जुन्या नंबरवर. मेललाच उत्तर देऊन खात्री करू नये, ते ठगाकडेच जातं. रविवारी मिस्सा किंवा उपासना झाल्यावर ‘आम्ही मेलवर पैसे मागत नाही’ एवढं सांगून टाकलं, तरी म्हाताऱ्या माणसांची भीड मोडेल.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० ला फोन लावावा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.