भांड्याला भांडं लागतं, पण घासायचं कुणी?

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण म्हणतो. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, निम्मी भांडणं खऱ्याखुऱ्या भांड्यांवरूनच होतात की नाही?

"जाऊबाई, सकाळची मी घासली. आता तुमची पाळी."

"आणि काल माझ्या पाळीला चार पाहुणे आले, ते नाही मोजलंस गं?"

तेवढ्यात माजघरातून सासूबाई, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं मोजमाप!" मग मोरीत भांडी आपटल्याचे आवाज, आणि रात्रभर अबोला.

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत हे भांडण थोडं निराळं असतं. घरची पुरुषमाणसं आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एसटी पकडून कल्याण-ठाण्याकडे जातात, ती रात्री येतात. आता घरची एखादी सूनही नोकरीला जाते. दुसरी शेतावर. आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला रात्री मोरीत पुन्हा वाकायचं असतं. नोकरीवाली म्हणते, "मी उभ्याने प्रवास करून आले." शेतावरची म्हणते, "मग मी काय झोपा काढल्या?" दोघीही खऱ्याच.

शिवाय इथे भांडी घासणं मोरीत सुरू होत नाही, विहिरीवर सुरू होतं. १८९२ साली पुरं झालेलं तानसा धरण शहापूर तालुक्यातलं. भातसाही तिथलंच, मुंबईला लागणारं जवळपास निम्मं पाणी त्यातून जातं. तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी! अशा घरात जिने डोक्यावरून दोन हंडे आणले, तिने निम्मी भांडी तिथेच घासली असं धरायला हवं. पण पाळी मोजताना पाणी कुणी मोजतच नाही, आणि भांडणाचं मूळ बहुधा तिथेच असतं. राग भांड्यांचा नसतो. आपलं काम कुणाच्या हिशोबातच नाही, याचा असतो.

आणखी एक पाहा. पाळी लावायची तर ती कुणाकुणात लावतो आपण? सासू, दोन सुना आणि दहावीतली मुलगी. परीक्षा तोंडावर आली तरी "एवढी भांडी घास नि मग बस अभ्यासाला" हे तिलाच. भाऊ मात्र ताटावरून उठतो तो थेट पुस्तकाकडे, नाहीतर मोबाइलकडे. गंमत म्हणजे आश्रमशाळेत राहणारा मुलगा तिथे स्वतःचं ताट स्वतः धुतो. सुट्टीत घरी आला की तेच ताट बहिणीपुढे सरकवतो. मुलाला येत नाही असं नाही. आपण त्याला करू देत नाही.

पूर्वी राख आणि काथ्या होता, पितळेला चिंच होती. मग स्टील आलं, १९९३ पासून विमची वडी आली. सगळं बदललं, घासणारा हात तोच राहिला. सरकारने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आणि हे जे पुरुष काहीतरी करतात त्यांचंच बरं का! सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज होता. बायको घरकाम करत नाही, ही त्याची एक तक्रार. न्यायालयाने त्याला घटस्फोट दिला नाही, आणि घरची जबाबदारी नवरा-बायको दोघांनी सारखी उचलायला हवी असं सांगितलं. तेव्हा "अहो, एवढी कढई घ्या ना" म्हणताना संकोच कसला?

आता करायचं काय, ते सांगते.

पाळी तोंडी ठेवू नका. दुधाचा खाडा मांडता ना, तशीच कालनिर्णयच्या चौकटीत नावाचं पहिलं अक्षर लिहा. त्यात मुलगे आणि पुरुषही धरा. त्यांना रविवार द्या, पण द्या.

पाणी भरणं, भांडी घासणं आणि ती पुसून मांडणीवर लावणं ही तीन कामं समजा. जिने पाणी भरलं, तिने त्या दिवशी घासायचं नाही.

ज्याने त्याने आपलं ताट-वाटी विसळून ठेवायची. लहान मुलांपासून सुरुवात करा, मोठे आपसूक लाजतात.

खरकटं आधी काढून घ्या. गोठा असेल तर भाजीची देठं-सालं गुरांना जातील. करपलेल्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळी आणा, घासायचे कष्ट वाचतील.

पाण्याची टंचाई असेल तेव्हा दोन घमेली घ्या, एकात पहिलं विसळणं, दुसऱ्यात शेवटचं. आधी पेले, मग ताटं, शेवटी तेलकट कढया. दुसऱ्या घमेल्यातलं पाणी अळूला, केळीला घाला.

पाहुणे जास्त असतील तर पळसाच्या पत्रावळी काढा. पाहुण्यांच्या दिवशी कुणा एकीची पाळी नाही, सगळ्यांनी मिळून घासायचं, हे आधीच ठरवून टाका.

पहिले आठ दिवस कुरकुर होईल. मुलगा साबण तसाच ठेवील, हे ताटाच्या कडा खरकट्या ठेवतील. लगेच हातातून ओढून घेऊन "राहू द्या, मीच करते" म्हणू नका. एकदा तसं म्हटलंत की ती पाळी कायमची तुमची झाली. कडा राहिली तर ताट शांतपणे परत मोरीत ठेवा. पुढच्या वेळी निघेल ती.