पलटी नांगराचा जॅक गळतोय? यात तालुक्यापुरता धंदा दडलाय!



मार्च-एप्रिलमध्ये हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठल्याही तालुक्यात फिरून बघा. हळद निघालेली असते, हरभरा-गहू घरात आलेला असतो आणि रानोमाळ ट्रॅक्टरमागे हायड्रॉलिक पलटी नांगर चालू असतो. मे-जूनमध्ये हळदीची लागवड, पाठोपाठ सोयाबीनची पेरणी. म्हणजे नांगरटीच्या धंद्याला दोन-अडीच महिनेच मिळतात. जॅक गळायला लागतो तोही याच दिवसांत, कारण वर्षभर उभा असलेला नांगर आता रोज आठ-दहा तास चालतो.

आज आपण ही गळती कशी शोधायची, कशी दुरुस्त करायची आणि त्यातून धंदा कसा उभा करायचा ते बघू.

आधी नुकसानीचा हिशोब करा

एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला १८० मिली आणि ८ तासांत जवळपास दीड लिटर ऑईल मातीत जातं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं ऑईल एकच असतं. त्यामुळे नांगरातून गळणारं ऑईल खरं तर ट्रॅक्टरच्या पोटातून कमी होत असतं.

दुसरा हिशोब बंद पडलेल्या दिवसाचा. समजा एकरी २,००० रुपये दर आहे आणि दिवसाला ४ एकर नांगरट होते. म्हणजे एक दिवस नांगर उभा राहिला की ८,००० रुपयांचं काम गेलं. सेनगावच्या टोकाच्या गावातून जॅक घेऊन नांदेडला जाऊन यायचं म्हटलं तर अख्खा दिवस त्यातच जातो. ग्राहक तुमच्याकडे सील विकत घ्यायला येत नाही, आजच्या आज नांगर रानात न्यायला येतो. तुमचा दर या गोष्टीवर ठरतो.

पहिला नियम: गळती हाताने शोधायची नाही

हा भाग दोनदा वाचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण १५० ते २०० बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज घ्या. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारी धार कातडी फोडून आत घुसते. वरून फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत ऑईल पसरत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "हायड्रॉलिक ऑईल प्रेशरने आत गेलंय."

म्हणून गळती शोधताना लांब पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि काही खोलायच्या आधी नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, हायड्रॉलिकचा लिव्हर तीन-चार वेळा पुढे-मागे करा म्हणजे पाइपमधला दाब उतरतो.

गळती नेमकी कुठे? पाच जागा

सगळीकडे ऑईल आणि माती चिकटलेली असताना अंदाजाने सील बदलू नका. आधी जॅक आणि पाइप धुऊन कोरडे करा, मग नांगर चार-पाच वेळा पलटवा आणि पहिला ओलावा कुठे दिसतो ते बघा.

१. कपलिंग: ट्रॅक्टरला पाइप जोडतो ती जागा. टोपण न लावल्यामुळे माती जाते आणि आतली ओ-रिंग कापते. रिंग स्वस्त असते, पण तीच माती पुढे ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. म्हणून प्रत्येक ग्राहकाला टोपण बसवूनच द्या.

२. नट आणि ॲडाप्टर: इथे बहुतेक वेळा डाउटी वॉशर खराब असतो किंवा आटे जुळत नसतात. बीएसपी आणि मेट्रिक आटे दिसायला सारखे वाटतात, पण एकमेकांत बसत नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळून काम भागवू नका. टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह अडकवतात.

३. होज पाइप: फेरूलजवळ भेगा, घासलेलं रबर, दिसणारी गंजकी तार. असा पाइप बदलायचाच, ट्यूबचं रबर आणि क्लॅम्प लावायचा नाही. नवा पाइप देताना त्यावरची छापील ओळ वाचा. आर-वन म्हणजे तारेची एक जाळी, आर-टू म्हणजे दोन. तीन-अष्टमांश इंची आर-वन पाइप सुमारे १८० बारला चालतो, आर-टू सुमारे ३३० बारला. नांगरासाठी आर-टूच द्या.

४. रॉडचं सील: रॉडवर ऑईलचा ओला थर दिसतो. दाब उतरवल्यावर रॉड पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर रॉडवर ओरखडा, गंज किंवा वेल्डिंगचा थेंब आहे. अशा रॉडवर नवं सील टाकलं तरी ते पुन्हा कापणार. आधी रॉडचं हार्ड क्रोम करून घ्यावं लागेल किंवा रॉड बदलावा लागेल.

५. आतली गळती: बाहेरून सगळं कोरडं, पण नांगर अर्ध्यातच अडकतो किंवा उचलून ठेवलेला जॅक हळूहळू खाली येतो. इथे पिस्टनचं सील किंवा ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह तपासावा लागतो.

सील बसवताना

जुनं सील काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सीलचं ओठासारखं तोंड दाबाच्या बाजूला असतं, उलटं बसलं की पहिल्याच तासाला गळती सुरू. जुन्या सीलच्या मापावर विसंबू नका, ते फुगलेलं असतं. रॉडचा व्यास आणि खाचेची रुंदी-खोली व्हर्नियरने मोजा. सीलला स्वच्छ ऑईल लावा, रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळून मगच त्यावरून सील सरकवा, स्क्रू-ड्रायव्हरने ढोसू नका. जोडल्यावर दहा-बारा वेळा जॅक पूर्ण उघडून मिटवा म्हणजे हवा निघते. मग ट्रॅक्टरमधलं ऑईल कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे भरा. काढलेलं खराब ऑईल ड्रममध्ये साठवा, नाल्यात ओतू नका.

धंदा कसा उभा करायचा?

पहिल्या दिवशी होज क्रिम्पिंग मशीन घेण्याची घाई नको. आधी व्हाइस, पाने, सर्कलिप प्लायर, व्हर्नियर आणि तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या नांगरांचे सील किट यावर सुरुवात करा. महिन्याला किती पाइप बाहेरून करून आणावे लागतात ते वहीत लिहा. त्या आकड्यातून मशीनचा हप्ता निघतोय असं दिसलं तरच मशीन घ्या.

नांगराचा सीझन संपला तरी जॅक संपत नाहीत. डंपिंग ट्रॉली, जेसीबी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे हार्वेस्टर, गाड्या धुण्याच्या सेंटरवरची लिफ्ट, अगदी लाकडाचे ओंडके फोडणारं मशीनसुद्धा याच तत्त्वावर चालतं.

भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. २०२२ च्या सुधारित नियमांत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. पण हे अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. ते रोख भांडवल समजून खर्चाचा आराखडा केला तर पहिल्याच वर्षी अडचण येते. अर्जाच्या वेळी चालू नियम विचारून घ्या.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. पावतीवर लिहा: काय बिघडलं होतं, का बिघडलं, काय बदललं. रॉड खराब असूनही ग्राहक "फक्त सील टाका" म्हणाला तर तेही लिहा आणि त्या कामाची हमी देऊ नका. आठ दिवसांनी तोच जॅक परत आला की ही पावतीच तुमचं नाव वाचवते.

या आठवड्याचं काम

तुमच्या गावाच्या आसपासच्या दहा ट्रॅक्टरवाल्यांना भेटा आणि तीनच प्रश्न विचारा: मागच्या सीझनला नांगर किती दिवस उभा राहिला? जॅक कुठे नेला? एकूण खर्च किती आला? उत्तरं वहीत लिहा. दुकानाची जागा शोधायला त्यानंतरच निघा.