दिवाळी नेमकी कोणाची? दावे, पुरावे आणि आपली भूमिका

दरवर्षी आश्विन अमावास्या जवळ आली की आपल्या व्हॉट्सअॅप गटांत दोन संदेश फिरू लागतात. पहिला सांगतो की दिवाळी मूळची बौद्धांची, सम्राट अशोकाने ८४ हजार स्तूपांचे लोकार्पण याच दिवशी केले, म्हणून हा ‘दीपदानोत्सव’. दुसरा सांगतो की याच दिवशी महामोग्गलान स्थविरांची हत्या झाली, म्हणून घरात एकही पणती लावू नका. कित्येकदा एकच कार्यकर्ता दोन्ही संदेश पुढे पाठवतो. कॉलेजात एखाद्या मित्राने “हे कुठे लिहिलंय?” असे विचारले की आपला तरुण अडखळतो. कालाम सुत्तात बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून विश्वास ठेवू नका असे सांगितले. ती कसोटी आपल्या दाव्यांनाही लावली पाहिजे.

सण एक, कथा अनेक

महाराष्ट्रात वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जे चालते ते एका कथेत बसत नाही. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. धनत्रयोदशीला धन्वंतरीचे पूजन आणि यमासाठी दिवा. नरक चतुर्दशीला उटणे, अभ्यंगस्नान आणि नरकासुराच्या वधाची कथा. कोकण-गोव्यात पायाखाली कारीट फोडतात, गोव्यात नरकासुराचे पुतळे पहाटे जाळतात. अमावास्येला लक्ष्मीपूजन आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांची पूजा. पाडव्याला बळीराजा, तर भाऊबीजेला यम आणि यमी.

गाय, धान्य, हिशेबाची वही, यम, बळी, बहीण-भाऊ. खरिपाचे पीक हाती येण्याच्या दिवसांत शेतकरी, व्यापारी आणि घरातल्या बायका यांचे वेगवेगळे विधी एकत्र गुंफले गेलेले दिसतात. त्यावर पुराणकथा चढवल्या गेल्या. उत्तर भारतात राम अयोध्येला परतल्याची कथा प्रमुख आहे. पण वाल्मीकी रामायणात चौदा वर्षे पूर्ण करून राम भरद्वाजांच्या आश्रमात पोहोचतो ती तिथी पंचमी आहे, अमावास्या नव्हे.

जुने उल्लेख काय सांगतात?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी दिवाळीच्या इतिहासाचे संदर्भ कष्टाने गोळा केले होते. अशा उल्लेखांतले तीन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला जैनांचा. कल्पसूत्रानुसार महावीरांचे निर्वाण झाले त्या अमावास्येच्या रात्री मल्ल आणि लिच्छवींच्या गणराजांनी दिवे लावले. ज्ञानाचा प्रकाश गेला, म्हणून निदान दिव्यांचा प्रकाश करू, अशी त्यामागची भावना. आजही जैन बांधव दिवाळी महावीर निर्वाणाचा दिवस म्हणून पाळतात.

दुसरा सातव्या शतकातला. सम्राट हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात ‘दीपप्रतिपदुत्सव’ येतो. त्या सणानिमित्त नवविवाहित मुलीला आणि जावयाला भेट देण्याची बोलणी त्यात आहेत. आपल्याकडचा दिवाळसण आठवावा असाच हा प्रसंग. विशेष म्हणजे या नाटकाची नांदी बुद्धाला वंदन करणारी आहे. म्हणजे बौद्ध धम्माचा आदर करणाऱ्या राजाच्या नाटकात हा सण येतो, पण तिथेही तो बौद्ध सण म्हणून येत नाही, घरगुती लोकसण म्हणून येतो.

तिसरा अल्-बिरुनीचा. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात तो दिवाळीचे वर्णन करतो: लोक स्नान करतात, नवे कपडे घालतात, पान-सुपारी देतात, रात्री दिवे लावतात. कारण म्हणून तो रामाचे नाव घेत नाही. विरोचनपुत्र बळी या दिवशी वर्षातून एकदा पाताळातून मोकळा होतो, म्हणून याला ‘बलिराज्य’ म्हणतात, असे तो नोंदवतो.

मग अशोक आणि मोग्गलान?

अशोकाने ८४ हजार विहार बांधल्याची कथा श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात आहे. विहार पूर्ण झाल्याच्या वार्ता एकाच दिवशी पाटलिपुत्रात आल्या, मग राजाने सर्वत्र मोठा उत्सव करवला, दाने दिली, दिव्यांच्या आणि फुलांच्या माळा लावल्या, असे वर्णन तिथे सापडते. पण तो दिवस आश्विन अमावास्येचा होता असे महावंस सांगत नाही. अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखांतही अशा दीपोत्सवाची नोंद नाही. दिव्यांचे वर्णन खरे, जोडलेली तारीख मात्र आधाराविना.

मोग्गलानांबाबत पाली अट्ठकथा सांगते की सारिपुत्तांचे परिनिर्वाण कार्तिक पौर्णिमेला झाले आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मोग्गलानांचे. दिवाळीची अमावास्या कार्तिक पौर्णिमेच्या आधी येते, नंतर नाही. म्हणजे याच परंपरेचा हिशेब धरला तर तो दिवस दिवाळीनंतर जवळपास महिन्याने येतो.

बळीचा वारसा

याचा अर्थ दिवाळीत आपल्या विचाराला काहीच जागा नाही असा नाही. पुराणकथेत वामन जिंकतो, बळी पाताळात जातो. पण महाराष्ट्रातल्या बाया ओवाळताना “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो” म्हणतात. जिंकलेल्याचा जयजयकार न करता हरलेल्याच्या राज्याची वाट पाहणारी ही प्रार्थना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हाच धागा पकडला आणि बळीला शेतकरी-कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. वामनकथा उलटी वाचण्याची ही परंपरा आपल्याला खोट्या तारखेशिवाय मिळालेली आहे.

दिव्यांचे बौद्ध सणही आहेतच. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पवारणा होते. म्यानमारमध्ये त्याच सुमारास ‘थडिंज्युट’ या सणात घरोघर आणि पॅगोडांत दिवे लावतात. श्रीलंकेत वैशाखी पौर्णिमेला कंदिलांनी रस्ते उजळतात. नेपाळमधले नेवार बौद्ध तर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘म्ह पूजा’ करतात आणि नेपाळ संवताचे नवे वर्ष सुरू करतात.

आपण काय करावे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांनी देवदेवतांची उपासना सोडायला सांगितले. त्यामुळे लक्ष्मीपूजन किंवा यमदीप आपल्या घरात नसणे हे सरळ आहे. त्यासाठी मोग्गलानांच्या नावाने चुकीची तारीख सांगण्याची गरज नाही. आणि मुलांनी दिवा लावला तर अशोकाच्या नावावर नसलेला उत्सव खपवण्याचीही गरज नाही.

दिवाळी येते तो कठीण चीवरदानाचा महिना असतो. आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा. सुट्टीत मुले घरी असतात, नोकरीवाले गावी आलेले असतात. विहारात चीवरदान ठेवा, संध्याकाळी दिवे लावा, पाडव्याला ‘गुलामगिरी’चे वाचन करा. आणि पुढच्या वेळी एखादा संदेश आला तर पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या ग्रंथात आहे? तो ग्रंथ केव्हाचा? त्यात ही तिथी आहे का? उत्तर मिळाले नाही तर तो संदेश तिथेच थांबवा. विरोधकाने आपली एक तारीख खोटी ठरवली की तो आपल्या दहा खऱ्या गोष्टीही ऐकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!